किंचित जायफळ

माणिकपुरातल्या हेमांगीच्या कॉफीच्या दुकानाला अकरा महिने झाले आणि नेमकं गाळ्याचा करार संपायच्या दिवशीच मशीन बंद पडलं. चार वाजता गाळ्याच्या मालकीण सालोमीबाय कॉफी प्यायला येणार होत्या. आवडली तर गाळा हेमांगीला, नाहीतर मोबाइलवाल्या एरॉलला, असं त्यांनी रोखठोक सांगितलं होतं.

मशीनचा पार्ट आणायला हेमांगी सातिवलीला पळाली. दुकानात उरले वटारहून केळी पोचवायला आलेले तिचे सासरे हरिभाऊ. साडेतीनला तिचा फोन आला.

"बाबा, मी अडकलेय हो इथे! सालोमीमावशी आल्या तर गॅसवर आपली घरची कॉफी करून द्या. जायफळ किंचित घाला हं!"

अकरा महिन्यांत हरिभाऊंना तिने या दुकानात चमचासुद्धा हलवू दिला नव्हता. त्यांच्या मते कॉफी म्हणजे दूध, साखर आणि जायफळ. ते कडू फेसाळ पाणी शिकल्यासवरलेल्यांनी खुशाल प्यावं. शिवाय पाहुण्याला काही 'किंचित' द्यायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. सुनेची अब्रू आता आपल्या हातात, म्हणून त्यांनी पातेलंभर दूध चढवलं आणि किसणी घेतली.

सालोमीबाय आल्या. एक कप झाला, दुसरा झाला, गावातल्या सगळ्यांची चौकशी झाली. मग त्यांनी पर्समधून करार काढला.

"ऐका हरिभाऊ, माझा निर्णय असा आहे की..." एवढं बोलून बाय खुर्चीतच घोरायला लागल्या.

हरिभाऊ लगबगीने उठले. त्यांनी गाणी बंद केली, पंखा हळू केला. शेजारच्या टेबलावरची नेहमीची गिऱ्हाईक अनुष्का घाबरून म्हणाली, "काका, आँटी ठीक आहेत ना?"

"ठीक नसत्या तर एवढा आवाज आला असता का? तू हळू बोल."

पाच वाजता एरॉल गाळा मोजायला टेप घेऊन हजर. "बाय, सही झाली काय?"

"शूऽऽ! बस गप. कॉफी घे."

एरॉलने पातेल्यातली उरलेली सगळी संपवली. साडेपाचला तोही टेबलावर आडवा.

सहाला हेमांगी आली आणि दारातच थिजली. "बाबा! काय घातलंत?"

"तू सांगितलंस तेच. किंचित."

"म्हणजे किती?"

"एकच."

"एक काय? चिमूट?"

"फळ."

हेमांगी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. हरिभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने उभं केलेलं दुकान आपण दोन कपांत बुडवलं, एवढंच त्यांना दिसत होतं.

साडेसहाला सालोमीबायनी डोळे उघडले. घड्याळ पाहिलं, घोरणाऱ्या एरॉलकडे पाहिलं.

"मावशी, माफ करा, बाबांचं जरा..."

"थांब गं. माझा नवरा मायकल गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून गोळीशिवाय माझा डोळ्याला डोळा लागला नाही." बोलता बोलता त्यांनी पेन काढलं आणि हेमांगीच्या नावापुढे सही ठोकली. "गाळा तुझाच. मी रोज चारला येणार. फक्त माझ्या कपाचं एक बघ."

"काय मावशी?"

"त्यात कॉफी घालू नकोस. तिने झोप उडते म्हणतात."