भोंगेकाकांची घरघर

सर्दी सरळ निघून गेली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण भोंगेकाकांची सर्दी नाकातून उठली आणि छातीत मुक्कामाला गेली. श्वास घेतला की आत मांजर घुरघुरे, आणि तोंड उघडलं की शब्दाआधी शिट्टी बाहेर पडे. दुसऱ्या कुणाचं यात काही अडलं नसतं. काका मात्र बसस्थानकावर निवेदक होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे भोंग्यावरून सांगायचं, हेच त्यांचं काम, आणि नावही त्यावरूनच पडलेलं. चालक त्यांच्या शब्दावर गाडी काढत आणि त्यांच्याच शब्दावर थांबवत.

आता निवेदनासाठी यंत्र आलं होतं. त्यात एका गोड गळ्याच्या बाईचा आवाज भरलेला होता. सोमवारी मोठे साहेब स्वतः येऊन काकांचा आवाज ऐकणार होते. पसंत पडला तर काका भोंग्यावर राहणार, नाहीतर पार्सलच्या गोदामात. काकांनी गोदामाची धास्तीच घेतली होती. उभा जन्म बोलण्यात गेलेल्या माणसाने खोक्यांशी काय बोलायचं?

त्यामुळे घरात उपचारांचा धडाका सुरू झाला. छातीचा ताबा सासूबाईंनी घेतला. आलं, मिरी आणि आणखी काय काय उकळून त्यांनी काढा केला.

"जावईबापू, तोंड उघडा."

"आई, सकाळीच तर घेतला!"

"तो सकाळचा होता." नाक दाबलं की तोंड उघडतं, हे सासूबाईंनी करूनच दाखवलं.

काढ्याने छाती हलली नाही, पोट मात्र पेटलं. मग पोट शांत करायला बायकोने थंड दही दिलं. दह्याने मांजराला जोर चढला. मांजरासाठी सासूबाईंनी काढा दुप्पट केला. मायलेकींच्या या रस्सीखेचीत काकांच्या पोटाने हात टेकले, आणि सोमवारची सकाळ उजाडली तेव्हा काका संडासात होते.

"अगं, साहेबांना कळव," ते आतूनच ओरडले. "म्हणावं, आज जमत नाही!"

बायकोने स्थानकावर नियंत्रकांना फोन लावला. तिकडे गाड्यांचा गोंगाट चालू होता.

"भाऊ, यांची सर्दी छातीत उतरलीय. घरघर लागलीय हो!"

"काय लागलीय, वहिनी?"

"घरघर! घरघर लागलीय! रात्रीपासून नुसतं आत-बाहेर चाललंय. कधी जावं लागेल, काही भरवसा नाही."

छातीत घरघर होणं वेगळं आणि माणसाला घरघर लागणं वेगळं. पहिलीला औषध आणतात, दुसरीला नातेवाईक बोलावतात. नियंत्रकांना त्या गोंगाटात सर्दीही ऐकू आली नाही आणि छातीही. त्यांनी फोन ठेवला आणि डोळे पुसले.

मोठे साहेब मनाने हळवे होते. त्यांनी तिथल्या तिथे यंत्रातला बाईचा आवाज पुसायला लावला. "इतकी वर्षं राबलेला माणूस चाललाय. निदान आवाज तरी मागे राहू दे," असं म्हणून ते रेकॉर्डर घेऊन नियंत्रकांसह थेट काकांच्या घरी आले.

"अहो, साहेब परीक्षा घ्यायला घरी आलेत!" बायको कुजबुजली.

काका कसेबसे पलंगावर ताठ बसले. साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "जमेल तेवढंच बोला," ते म्हणाले. एवढा मायाळू परीक्षक काकांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी सगळं बळ एकवटलं. एकामागून एक गाड्या सुटल्या, शिट्ट्या वाजल्या, पण काका हटले नाहीत. अखेर बंदराची गाडी आली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे... ह्ही... फलाट चारवरून बंदराकडे जाणारी जलद गाडी... अगं आई गं! थांबा! थांबा, आलोच!"

आणि काका पोट धरून सुसाट पळाले.

"केवढी ताकद आली बघा अंगात," साहेब थक्क होऊन म्हणाले.

"विझताना दिवा मोठा होतो, साहेब," नियंत्रक हळूच म्हणाले.

साहेबांना पुढचं पाहवेना. "यंत्रात भरताना यातलं एक अक्षरही गाळायचं नाही," असं नियंत्रकांना बजावून ते निघाले आणि जाता जाता डॉक्टरांना काकांकडे पाठवून गेले.

डॉक्टरांनी छाती तपासली, पोट दाबलं आणि घरातली भांडी हुंगली. "सर्दीनंतर श्वासनळ्या आखडल्यात. हा फवारा ओढा. पोटासाठी साखर-मिठाचं पाणी आणि मऊ भात. आणि हा काढा बंद!"

"निदान अर्धी वाटी?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला हवा तर तुम्ही प्या," डॉक्टर म्हणाले.

काका बरे झाले, पण मनातून खचले. परीक्षेतून पळालेल्या माणसाला कोण पास करणार? गोदामात रुजू व्हायचं म्हणून ते स्थानकावर आले, तर फाटकाबाहेरपर्यंत गाड्या तुंबलेल्या, हॉर्न कोकलत होते आणि भोंग्यावरून त्यांचाच आवाज येत होता, "थांबा! थांबा, आलोच!"

"अरे, काढ ना गाडी!" फलाट चारवर मोठे साहेब चालकावर ओरडत होते.

"कशी काढू, साहेब? काका थांबा म्हणतायत. येतीलच आता."

"ते नाही येणार रे!" साहेबांनी रुमाल काढला.

"हे काय आले," चालक म्हणाला.

साहेबांनी वळून पाहिलं आणि खांब धरला. नियंत्रकांना खांब मिळाला नाही, त्यांनी साहेबांना धरलं.

"भोंगेकाका! तुम्हाला तर घरघर..."

"छातीत हो, छातीत! सर्दीची!"

साहेबांनी नियंत्रकांकडे असं पाहिलं की ते गाड्या मोजायला लागले. "ते यंत्र बंद करा," साहेब म्हणाले. "काका, बसा भोंग्यावर आणि सोडवा हा गुंता." काका बोलले आणि बघता बघता स्थानक मोकळं झालं. साहेब खिडकीशी आले. "आवाज पुरता बरा झाला की यंत्रात सगळं नव्याने भरून घेऊ. तोवर रोज तुम्हीच बोला. आता कसं वाटतंय?"

काकांनी दीर्घ श्वास घेतला. आत मांजर नव्हतं, साधी शिट्टीही नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे गोदामातली खोकी उभी राहिली.

"तसं बरं आहे, साहेब," काका म्हणाले, आणि कुठून कोण जाणे, त्यांनी एक शिट्टी ओढून आणली. "ह्ही... पण मुळापासून जायला वेळ लागेल म्हणतात."

तेव्हापासून कामावर निघण्याआधी काका आरशासमोर उभे राहून थोडा वेळ घरघरतात. बायकोने एकदा काळजीने विचारलं, "अहो, पुन्हा त्रास होतोय का?"

"नाही गं," काका म्हणाले, "सुटत चाललीय, म्हणून रियाज करतोय."