यंत्राच्या हाताला शिकवताना

सुतारकामाचा वर्ग बंद होऊन त्या जागी स्वयंचलित उत्पादनाचा अभ्यासक्रम येणार हे ठरलं, तेव्हा मुख्याध्यापिकांनी रंधामास्तरांना बोलावून घेतलं.

"प्रशिक्षणात पास झालात तर नवा वर्ग तुमचा. नाहीतर ग्रंथालयात बसून पुस्तकांना कव्हरं घालायची."

मास्तरांनी मान डोलावली. मुलांनी ठेवलेलं 'रंधा' हे नाव त्यांना शोभत असे. समोर येईल त्याला ते तासून काढत. हसताना त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं.

प्रशिक्षण केंद्रात टेबलावर यंत्राचा एक हात बसवला होता. मुलांच्या बेताचा, हलका, रबरी बोटांचा. शिकवणाऱ्या मॅडम मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या.

"सर, हे बटण दाबलं की लाल दिवा लागतो. मग हात धरून फिरवायचा. तुम्ही कराल ते तो लक्षात ठेवतो आणि तस्संच करतो."

"उलट उत्तर न देता?"

"न देता."

असा विद्यार्थी मास्तरांना आजवर मिळाला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी प्रशिक्षणाला आलेले बाकीचे शिक्षक जेवायला गेले, तरी मास्तर मागे राहिले. दिवा लावून त्यांनी हात धरला, ठोकळा उचलवला, डब्यात अलगद ठेववला. मग समाधानानं टेबलाकडे पाठ करून स्टुलावर टेकले. बायकोनं खास आजच्यासाठी आणलेला शर्ट सकाळपासून टोचत होता, आणि नेमकी आता दोन खांद्यांच्या मधोमध खाज सुटली. स्वतःचा हात पोचेना. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी मागे हात घालून यंत्राचा हात धरला, पाठीवर आणला आणि डोळे मिटून चांगला वरखाली फिरवला. मग उठले, बटण दाबलं. दिवा तेव्हा कुठे विझला.

दुपारी परीक्षा घ्यायला खात्याचे मोठे साहेब आले. भारदस्त, गंभीर. ते त्याच स्टुलावर बसले. मास्तरांनी यंत्र सुरू केलं. हातानं ठोकळा उचलला, डब्यात ठेवला.

"उत्तम!" साहेब म्हणाले आणि शिक्षकांकडे वळून बोलू लागले, "यंत्राला शिस्त असते. ते आपल्या मर्यादा..."

रबरी बोटं त्यांच्या पाठीवर टेकली आणि वरखाली फिरू लागली.

मॅडम बंद करायचं बटण शोधू लागल्या. मास्तर उभ्या जागी पांढरेफटक पडले. "साहेब, यंत्राची चूक नाही. मीच... जेवणाच्या सुट्टीत... दिवा चालू राहिला." ग्रंथालयातली कव्हरं त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन गेली.

साहेबांनी नुसता तळवा वर करून मॅडमना थांबवलं. त्यांचे डोळे मिटले होते.

हात थांबला.

"मंडळी घरात होती तोवर ठीक होतं," साहेब हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. ही जागा एकट्या माणसाच्या हाताला येत नाही हो."

मागच्या रांगेत कुणीतरी हसणार होतं, ते खोकलं.

मास्तरांनी घसा साफ केला. "एकदा सांगितलं की हा एकदाच करतो, साहेब. पुन्हा हवं तर पुन्हा चालवावा लागतो."

"चालवा."

मास्तर खाली वाकले. "आणि साहेब, जरा डावीकडे सरकून बसा. माझी खाज तिकडे होती."