एका हातात बसेल एवढं

आमच्या बिल्डिंगमधल्या मोहितेकाकांशी कोणी बोलायला लागलं की त्यांचा उजवा अंगठा चालू होतो. तर्जनीच्या खालच्या पेरापासून सुरुवात, तिथून वर, मग शेजारचं बोट. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, काय देवमाणूस आहे, चालता-बोलता जप करतो. कसला जप! काका तुमचे शब्द मोजत असतात. चार बोटांची पेरं बारा. माणसाचं बोलणं बारा शब्दांत, म्हणजे एका हातात बसलं पाहिजे, असा त्यांचा कायदा आहे.

एकदा सकाळी ते दूध घेऊन येत होते, मी खाली उतरत होते. म्हटलं, "काका, लिफ्ट बंद आहे, मी आत्ताच वॉचमनला विचारलं, तो म्हणाला की माणूस दुपारी येणार आहे." काकांचा अंगठा दुसऱ्यांदा तर्जनीवर आला होता. म्हणाले, "पंधरा. 'लिफ्ट दुपारी'. दोनात झालं असतं." आणि जिना चढायला लागले. मला असा राग आला म्हणून सांगू. चांगलं सांगायला जावं तर वर परीक्षेचे मार्क.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. तीस-बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होते. आलेली बातमी कापून जागेत बसवणं हेच काम. रिटायर झाले आणि कापायला आमची कांदिवलीची सोसायटी तेवढी उरली. सेक्रेटरीने एकदा टाकी साफ करण्याची नोटीस लावली. सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, इथपासून पानभर. तासाभरात तिच्यावर लाल पेन फिरलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'उद्या टाकीसफाई. पाणी दहानंतर नाही. बादल्या भरा.' सेक्रेटरी आठवडाभर काकांशी बोलला नाही. पण खरं सांगते, पाण्यावाचून कोणाचीही वाट न लागलेली ती पहिलीच टाकीसफाई.

आणि अशा माणसाच्या पदरात देवाने शालनकाकू टाकल्या होत्या. काकूंचं बोलणं म्हणजे नळ उघडा राहिल्यासारखं. पार्ल्याला बहिणीकडे जाऊन आल्या की गोष्ट रिक्षावाल्याने मीटर टाकलं तिथून सुरू व्हायची आणि बहिणीच्या दारापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा कुकर चार शिट्ट्या करून थंड झालेला असायचा. आतून काका म्हणायचे, "शालन, थोडक्यात." काकू वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. "तुम्ही मोजा हो," म्हणायच्या, "हात अपुरे पडले तर पायाची बोटं घ्या." आणि पुन्हा रिक्षात बसायच्या.

मागल्या वर्षी काकूंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, ती हळूहळू थोडी परतली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. सगळं कळायचं त्यांना, डोळे बोलायचे, तोंडातून शब्द यायचा नाही. त्यांच्या मजल्यावर गेलं की नको वाटायचं.

अशात एका दुपारी काका माझ्या दारात उभे. मी घरूनच काम करते, कॉम्प्युटरचं. हौस म्हणून मराठी लिहायला एक साधी वेबसाईट केली होती, कोरं पान आणि वर चार बटणं. काका त्यावर लिहायला लागले होते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाले, "तुझ्या पानाला मोजता येत नाही. मला मोजणी हवी. शब्द आणि अक्षरं." मी म्हटलं, काका, तुम्हाला कशाला? तुमच्याकडे बोटं आहेत की. तर म्हणाले, माझी नको, शालनची मोजायची आहे. बोलणं शिकवायला एक बाई येतात, त्यांनी रोज किती शब्द आले ते लिहून ठेवायला सांगितलंय. बोटांवर मोजताना मन तिच्या बाजूने झुकतं. यंत्राला नवरा-बायको नाही.

अक्षरं कशाला, असं विचारलं तर मास्तरांसारखे माझ्याकडे बघत राहिले. "'पा' म्हणाली तरी शब्द एकच, 'पाणी' म्हणाली तरी एकच. सुधारली ते दिसणार कुठे?" त्याच रात्री मोजणी बसवायला घेतली.

पुढचा महिना माझा जीव खाल्ला त्यांनी. दाराखालून चिठ्ठ्या यायच्या, त्याही एका हातात बसणाऱ्या. 'रिकामी जागा दोनदा मारली. शब्द वाढला. वाढवू नको.' ते केलं तर दुसरी, 'पाणी म्हणजे दोन अक्षरं. तुझं यंत्र चार म्हणतं.' कॉम्प्युटर काना-वेलांटी वेगळी धरतो हे मी समजावून सांगितलं. त्यावर काका म्हणाले, मग त्याला शाळेत घाल. झालं, तेही दुरुस्त केलं. काकांचे स्वतःचे नियम तर आणखी कडक. एका दिवशी तोच शब्द पुन्हा आला तर धरायचा नाही. "'नाही' दहादा म्हणाली तरी एकदाच. ते तिला लग्नापासून येतं." रोज संध्याकाळी पानावर तेवढेच शब्द लिहायचे आणि बोटांवर पडताळून बघायचे. आकडा चार झाला, सहा झाला. मग नऊ, दहा, पुन्हा नऊ. बारा काही होईना. एक हात भरला की पुढचं आपोआप येईल, असं काकांनी मनाशी धरलं होतं आणि तो हात काही केल्या भरत नव्हता.

मग एका सकाळी काका पेढे घेऊन आले. "काल एकवीस," एवढंच म्हणाले. मी दारातच त्यांना नमस्कार केला. सेक्रेटरीला पेढा, वॉचमनला पेढा. काका सगळे जिने पायी फिरले, लिफ्ट चालू असताना.

दुपारी एका मुलीची ईमेल आली. तुमच्या साईटवर निबंधाचे शब्द जास्त दिसतायत, कालचं लिखाणपण मोजलं जातंय का? मी तपासायला घेतलं. लिहिलेलं आपोआप साठवलं जावं म्हणून मी परवाच एक बदल केला होता. त्यात चूक झाली होती, आदल्या दिवसाचा मजकूरही आजच्यात धरला जात होता. परवाचे दहा, कालचे अकरा. काकूंचे शब्द अकराच होते.

तशीच वरच्या मजल्यावर निघाले. कसं सांगायचं याची चार वाक्यं जुळवली आणि काकांनी दार उघडल्यावर चारही विसरले. म्हटलं, "काका, अकरा."

"माहीत आहे," काका म्हणाले.

त्यांनी दार ओढून घेतलं, बाहेर आले आणि हळू आवाजात बोलायला लागले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "काल बोटांवर अकराच आले. तीनदा मोजले. स्क्रीनवर बघतो तर एकवीस. म्हटलं, जन्मभर मीच खरा ठरत आलो, एक दिवस यंत्र खरं ठरू दे. तिला दाखवलं. हसली गं ती, आवाज करून हसली. चाळीस वर्षं तिला म्हणत आलो, शालन, थोडक्यात सांग. आता सांगते थोडक्यात." त्यांचा हात कठड्यावर होता. अंगठा हलत नव्हता.

मी कशीबशी म्हणाले, काका, चूक माझी आहे, आत्ता दुरुस्त करते.

"कर. पण उद्या कर. आज तिचे एकवीसच राहू देत."

मग मला आत नेलं. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, डाव्या हातात अर्धा पेढा. मला बघून तो पुढे केला आणि म्हणाल्या, "घे." काका म्हणाले, बस तिच्याजवळ, बोल काहीतरी. लांबण लाव. मी बसले आणि आदल्या आठवड्यात पार्ल्याला गेले होते त्याची गोष्ट रिक्षाच्या मीटरपासून सांगायला घेतली. काका दाराला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभे होते. त्या दिवशी निबंधवाल्या मुलीला मी, दुरुस्तीला एक दिवस लागेल, अशी थाप मारली, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. मग तीन आठवडे काकांचं काहीच नाही, चिठ्ठी नाही, तक्रार नाही. विचारायची माझी हिंमत होईना. जिन्यात भेटले की मीच थोडक्यात बोलून सटकायचे.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी सरकली. लाल पेनाने लिहिलं होतं, 'आज बारा. बोटांवरही बारा. बारावा शब्द माझं नाव.'