गेनू अस्वलाचा ओटा

पोरांनो, एका जंगलात एके दिवशी सकाळपासून धुकं उतरलं होतं. दवाने जमीन गारठली होती. अशा हवेत गुडघे दुखतात. तुमचे नाही दुखायचे. सगुणा अस्वलिणीचे दुखत होते.

ती गुहेबाहेर तीन दगडांच्या चुलीपुढे बसून स्वयंपाक करायची. बसताना कण्हायची आणि उठताना त्याहून जास्त. तिचा नवरा गेनू मायाळू होता. त्याला ते ऐकवेना.

"अगं, तुला उभ्याने रांधता येईल असा ओटा बांधून देतो," तो म्हणाला. "काँक्रीटचा. पक्का."

सगुणेला इतका आनंद झाला, की त्या दिवशी भाकरी करपली.

गेनू कामाला लागला. त्याने फळ्यांचा साचा केला. आत सळया टाकल्या. सिमेंट, वाळू, खडी कालवून ओतली. वर ओली पोती घालून रोज पाणी मारलं. घाई म्हणून केली नाही. मग साचा काढला आणि ओटा दगडाने घासत बसला. घासता घासता त्याला त्यात आपलं तोंड दिसायला लागलं.

पोरांनो, बिघडलं ते इथेच.

सगळं जंगल बघायला लोटलं. हरणं म्हणाली, असा ओटा सिंहाच्याही दारात नाही. कोल्ह्याने त्यावरून हळूच शेपूट फिरवून पाहिली. गेनूची मान जी वर गेली, ती खाली येईना.

पाहुणे गेल्यावर सगुणा हळदीचा डबा घेऊन आली. गेनू आडवा आला. हळदीचा डाग पडला की काँक्रीटवरून जात नाही, म्हणाला. तिने लिंबू आणलं. आंबटाने चकाकी जाते, म्हणाला. तिने तापलेला तवा आणला. त्याचा वण उठतो, म्हणाला.

"अहो, मग ह्याच्यावर करू तरी काय?"

गेनूने बराच वेळ विचार केला.

"काकडी चीर," तो म्हणाला. "पण पाटावर. आणि पाट खाली ठेव."

मग ओट्यावर चादर आली. चादरीवर प्लास्टिक आलं. चूल होती तिथेच राहिली. नाही म्हणायला एक सोय झाली. उठताना सगुणेला ओट्याची कड धरता यायची. गेनू गुहेतून सांगायचा, आधी हात पूस.

पुढे ओट्याच्या कौतुकासाठी गेनूने जंगलाला जेवण घातलं. त्या दिवशी चादर काढली. सगळे ओट्याभोवती उभे राहिले. बायकोसाठी एवढं कोण करतं, असं जो तो म्हणत होता. गेनू लाजत होता.

शेजारची म्हातारी साळू साळिंदरीण मात्र इकडेतिकडे बघत होती. सगुणा कुठे दिसेना. ओट्यामागून, अगदी खालून, धूर येत होता. साळू वळसा घालून गेली. सगुणा चुलीपुढून उठत होती. पिठाचा हात कडेला लागू नये म्हणून तिने नुसतं कोपर टेकलं होतं.

साळूने तिला हात दिला. मग जाऊन जेवली.

तात्पर्य: घरच्या माणसाचे गुडघे दुखत असतील, तर दारात ओटा जरूर बांधावा, धरून उठायला बरा पडतो. राहिलेलं तात्पर्य साळूने निघताना गेनूला सांगितलं. ती म्हणाली, "ओटा नामी झालाय, गेनबा. आता सगुणेला स्वयंपाकाला एक बांधून दे."