सुरकुती नसलेली गोळी

उत्तम काम व्हायला उत्तम हत्यारे लागतात. आणि हत्यारे खरोखरच उत्तम असली, तर कामाची फारशी गरज उरत नाही. मोंटानातल्या आमच्या गावात हे तत्त्व माझा शेजारी मर्ल स्टेनरूड याने सिद्ध करून दाखवले.

बंदुकीची गोळी दुकानात तयार मिळते. (म्हणूनच स्वाभिमानी माणसाने ती घेऊ नये.) मर्लने शिसे वितळवून गोळ्या घरीच ओतायचे ठरवले आणि आधी साच्याचा प्रश्न हाती घेतला. ॲल्युमिनियमचा साचा लवकर तापतो, पण लवकर झिजतो. लोखंडी टिकतो, पण गंजतो. पितळी सर्वांत देखणा, पण धरून धरून हात भरून येतो. सखोल विचारांती त्याने तिन्ही घेतले. मग विजेची भट्टी आली, पळी आली, आणि गॅरेजमधली गाडी अंगणात आली. आमच्या नेमबाजी मंडळाच्या पाहणीनुसार घरी गोळ्या ओतणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोकांचा नेम सुधारत नाही. उरलेल्या दहा टक्क्यांनी बंदूक अजून घेतलेली नाही.

गोळीवर जराशी सुरकुती दिसली, की मर्ल ती परत भट्टीत टाकी. सुरकुती प्रत्येकीवर दिसे. (भिंगही उत्तम प्रतीचे होते.) असे तेच ते शिसे हंगामभर वितळत राहिले आणि दर खेपेला थोडे वर तरंगणाऱ्या मळीबरोबर फेकले गेले.

शिकारीच्या हंगामाचा शेवटचा शनिवार उजाडला. स्टेनरूडांचा हिवाळा हरणाच्या मटणावर निघतो, आणि फ्रीझरमध्ये मटारची एक पिशवी होती. मर्लची बायको आर्डिस गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"अरे, हरीण मारायचंय की नटवायचंय? दुकानातून गोळ्यांची डबी आणू का?"

"दुकानातली गोळी? माझ्या बंदुकीत? काहीतरीच काय बोलतेस!"

"मग हिवाळाभर साचे उकडून वाढते तुला. आधी पितळी."

"जरा शिसं कमी पडतंय गं. तेवढं मिळालं की निघालोच!"

चाकांचा तोल राहावा म्हणून रिमवर शिशाचे तुकडे ठोकलेले असतात. काढलेले तुकडे आमचे टायरवाले अशा छंदिष्टांसाठी बादलीत जमवून ठेवतात. त्या दिवशी बादली रिकामी होती. मर्लच्या स्वतःच्या गाडीला मात्र चार चाके होती.

तीच गाडी घेऊन आर्डिस गुपचूप दुकानाकडे निघाली. वेग वाढताच गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडू लागली, स्टीअरिंग हातात राहीना, आणि वळणावर एक जाडजूड हरीण बंपरवर आले. (आमच्याकडे असे हरीण रीतसर परवाना काढून घरी नेता येते. सरकार इतके समंजस दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नाही.)

हिवाळा निभावला. मर्ल मंडळात छाती पुढे काढून सांगतो, "माझ्या शिशापायीच पडलं ते हरीण!" हे खोटे आहे असे कुणाला म्हणता येईना, म्हणून त्याला मानपत्र देण्यात आले. आर्डिस एवढेच म्हणते, "आता ते शिसं चाकांना परत लाव." मर्लची तयारी आहे, फक्त जॅक कुठला चांगला, याचा अभ्यास चालू आहे.

तुम्ही हसत असाल. हसा. फक्त पहाटे फिरायला जायचे म्हणून घेतलेले ते महागडे बूट कुठे आहेत, ते जरा बघून या. नाही, बसा, घाई नाही. त्यांच्यावर शोभतील असे मोजे तुम्हाला अजून मिळालेले नाहीत, याची मला कल्पना आहे.