चार बोटं खाली आलेली फळी

घरातली कामं करून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी लग्नापासून सांगत आलोय. आमच्या स्वयंपाकघराला लागूनच गॅरेज आहे. मधे फक्त एक भिंत. पण गाडीतली भाजीची पिशवी ओट्यावर पोचवायची तर अख्ख्या घराला वळसा घालावा लागतो. भिंतीत दार काढलं की संपलं, दोन दिवसांचं काम, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. ती म्हणाली, काढू या, पण तू कशालाही हात लावायचा नाहीस. मिस्त्रीही तिनेच शोधले.

मिस्त्रींनी सकाळी दाराएवढं भगदाड पाडलं, वरच्या विटांखाली एक जाड फळी घातली आणि फळीला दोन बाजूंनी दोन लाकडी टेकू दिले. मग ते लोखंडी तुळई आणायला टेम्पो घेऊन गेले. जाताना म्हणाले, "साहेब, अर्ध्या तासात येतो. टेकूला धक्का लावू नका. वरची खोली याच भिंतीवर आहे."

वरच्या खोलीत माझे सासरे होते. निवृत्त मुख्याध्यापक. महिनाभरासाठी राहायला आलेले. बायको ऑफिसला गेलेली.

आता, त्या भगदाडाच्या कडेला एक वीट पुढे आली होती. पडक्या दातासारखी. मी दहा मिनिटं तिच्याकडे बघितलं. मग हातोडा उचलला. हातोडा फिरवायला टेकू आड येत होता, म्हणून तो जरासा सरकवला. जरासाच.

टेकू आडवा झाला. वरून कड् असा आवाज आला आणि फळी चार बोटं खाली आली. मी काय केलं ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा फळीखाली माझा खांदा होता, आणि डोळ्यांसमोर भिंतीतली एक भेग सरळ छताकडे चालली होती.

माझे पाय लटपटायला लागले. ते लटपटले की फळी हलायची, फळी हलली की डोक्यावर वाळू पडायची, आणि वाळू पडली की पाय आणखी लटपटायचे. मोकळ्या हाताने कसाबसा खिशातून मोबाइल काढून मिस्त्रींना फोन लावला. ते एवढंच म्हणाले की वरच्या माणसाला खाली काढा आणि तुम्हीही बाहेर पडा, मी पोचतोच.

मी सासऱ्यांना फोन लावला. मोठ्याने बोललं तर भिंत येईल अशी माझी खात्रीच झाली होती, म्हणून मी कुजबुजलो, "बाबा, खाली या. पण हळूच. पाऊल वाजू देऊ नका."

मग तेही कुजबुजले, "किती जण आहेत?"

"मी एकटाच आहे."

"तुमचं नाही, त्यांचं विचारतोय. असू द्या, तुम्हाला बोलता येत नाहीये. समजलं मला."

फोन बंद. मी पुन्हा लावेपर्यंत वरून घरघर सुरू झाली. घरात चोर शिरलेत असं समजून मुख्याध्यापक लोखंडी कपाट दाराला लावत होते. कपाट माझ्या डोक्यावरून सरकत होतं. भेगेतून प्लास्टरचा तुकडा निसटला आणि माझ्या बुटावर फुटला. त्या घटकेला मला खरंच वाटलं, आपल्या हातून माणूस जातोय. तोही बायकोचा बाप.

चौथ्यांदा फोन उचलला गेला. या वेळी मी कुजबुजलो नाही. "बाबा, चोर नाही. तुमच्या खालची भिंत मी पाडतोय. म्हणजे पाडली नाही अजून. खांद्यावर धरलीय. ते कपाट ढकलू नका, दाराच्या फटीतून बाहेर पडा आणि सरळ रस्त्यावर जा."

"आणि तुम्ही?"

"तुम्ही बाहेर पडलात की सोडतो."

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "हलू नका."

मग जिना वाजला. एकेक पायरी, मधे थांबून. मी मनात मोजत होतो. चौदा पायऱ्या झाल्या, पण बाहेरचं दार वाजलं नाही. स्वयंपाकघरात पावलं आली, आणि माझ्या शेजारी, फळीखाली, सासऱ्यांनी आपला खांदा लावला. मी त्यांना जा म्हणालो, तर ते म्हणाले, आधी तुम्ही. मी म्हणालो, तुम्ही वडीलधारे. ते म्हणाले, तुमच्या मागे माझी मुलगी आहे. असे आम्ही दोघं, एकमेकांना रस्ता देत, पंधरा मिनिटं जागच्या जागी उभे होतो. बारा वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. त्यांचाही खांदा थरथरत होता, हे मला कळत होतं. माझं त्यांनाही कळत असणार.

मिस्त्री आले. त्यांनी वाकून वर बघितलं, लोखंडी जॅक लावले, पिळले, आणि म्हणाले, "झालं. या बाहेर."

आम्ही आलो नाही. पाय निघेनात. मिस्त्रींनी आम्हाला एकेक करून काखेत धरून बाहेर काढलं.

"साहेब, फळी दुसऱ्या टेकूवर आणि कडेच्या या विटेवर टेकली होती," ते म्हणाले. "नशीब, ती वीट पुढे आलेली होती. दोन माणसांच्या खांद्यावर भिंत थांबली असती तर मी तुळई कशाला आणली असती?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातोडा पायाने ओट्याखाली ढकलला.

एवढ्यात बायको आली. जेवणाच्या सुट्टीत काम बघायला. समोर नवरा आणि वडील, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. तिने काय झालं म्हणून विचारलं. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका असं शिकवत आलेले मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले, "काही नाही गं. दाराची उंची मोजत होतो."

तिने आधी त्यांचा उजवा खांदा बघितला, मग माझा डावा. दोन्हींवरच्या धुळीत फळीचा सरळ पट्टा उमटला होता.

"आणि मग?" ती म्हणाली. "दोघांच्या मापाला बसलं का दार?"