गाडी वळवायची जागा

"वाडीत एसटी येणार, आणि ती मीच आणणार!" घाटाखालच्या मढ गावात चहाच्या टपरीवर छाती ठोकून बोललेला नवनाथ खरंच एसटी घेऊन आला. चपला झिजवल्या, एसटीच्या साहेबांशी कचाकचा भांडला, पण आणली! वर स्वतःच्या हातानं विटा-सिमेंटचा थांबा बांधला आणि त्यावर म्हाताऱ्या बापाचं नाव रंगवलं: 'भागुजी बाबा एसटी थांबा'.

पहिल्या दिवशी गाडी हॉर्न वाजवत घाट चढून आली. हार पडले, लाडू वाटले. नवनाथची पोर तेजस्विनी पाठीला सॅक लावून तयार. जुन्नरला बारावीचं प्रॅक्टिकल होतं. चुकलं की वर्ष गेलं!

ड्रायव्हर खाली उतरला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मधोमध थांबा.

"पावणं, गाडी वळवायची कुठं?"

नवनाथनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं! अख्ख्या वाडीत सपाट जागा एकच, आणि नेमका तिथंच त्यानं थांबा ठोकला होता. या वाडीत बाया लाडू वळतात, शेवया वळतात, पोरं गुरं वळतात. पण गाडीलाही वळावं लागतं, हे एकाही शहाण्याच्या टाळक्यात शिरलं नव्हतं!

"रिव्हर्स न्या की!"

"एवढा घाट रिव्हर्स? मला बायकापोरं हायेत, राव! आज गाडी वळली न्हाई, तर उद्यापासनं फेरी बंद."

थांब्यात भागुजी बाबा ऐटीत बसले होते. जन्मात पहिल्यांदा नाव रंगलं होतं त्यांचं.

"बाबा, उठा. पाडायचाय."

"काल बांधलास, आज पाडतोस व्हय? लई शहाणा! आण हिकडं ती पहार!"

पहिला घाव म्हाताऱ्यानंच घातला. सिमेंट नवनाथनं कालवलेलं. भिंत पापडासारखी मोडली!

विटा बाजूला झाल्या. "येऊ द्या... येऊ द्या... बास!" नवनाथ घसा फाडून ओरडत होता. आणि गाडी वळली! वाडी नाचायला लागली. आनंदाच्या भरात नवनाथनं गाडीच्या पत्र्यावर दोन दणदणीत थापा हाणल्या.

दोन थापा म्हणजे 'चला'. ड्रायव्हरनं गिअर टाकला. गाडी गेली. रिकामी!

"पप्पा!" तेजस्विनी किंचाळली.

नवनाथ मागनं नुसता "थांबा, थांबा!" ओरडत राहिला. पण पोर बापावर गेली नव्हती. गाडी वळणं घेत घेत उतरत होती. तेजस्विनी पायवाटेनं सरळ खाली सुटली आणि गाडी गाठलीच.

कुठं?

मढला. कालपर्यंत रोज पायी उतरून जिथं एसटी गाठायची, तिथंच!